गुर्रेमेट्याची सभा

"तिला नाल्याच्या अलीकडे आणू नका," म्हातारा गायता म्हणाला. "गावानं हो म्हटलं तर आणा."

मी मागे वळून पाहिलं. नाल्यापलीकडे सागाच्या सावलीत पोलिसांची गाडी उभी होती आणि मागच्या बाकावर सुनकी वड्डे मान खाली घालून बसली होती. ती याच गावची. शाळेत जायच्या वयात तिला दलमनं, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीनं, जंगलात नेलं, हातात बंदूक दिली. बरीच वर्षं तिथं काढून, अंगावर दोन गोळ्यांचे वण घेऊन ती पोलिसांना शरण आली होती. सरकारनं तिला जिल्ह्याच्या ठिकाणी खोली दिली होती. तिला ती नको होती. तिला घरी यायचं होतं. तिची आई गुर्रेमेट्यात अजून जिवंत होती.

मी तेव्हा त्या भागाचा खासदार होतो. पहिलीच खेप होती. मीही गोंडच, पण दुसऱ्या तालुक्यातला. महिनाभर आधी मी लोकसभेत बोललो होतो, की शरण आलेल्यांना वसाहतीत ठेवून शांतता येत नाही, त्यांना त्यांच्या गावांनी परत घेतलं पाहिजे. बाकं वाजली. बाहेर पडताना एक जुने सदस्य माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाषण छान झालं. आता असं एक गाव दाखवा." ते मला लागलं. म्हणून मी त्या दिवशी गुर्रेमेट्यात होतो.

गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घराच्या, छपराखाली गाव जमलं होतं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. कोमटी गायता, म्हणजे गावचं देवाधर्माचं पाहणारा म्हातारा, मधल्या खांबाला टेकून बसला होता. मी बोललो. चांगलं बोललो असं मला वाटलं. कोणी काही विचारलं नाही, कोणी मान हलवली नाही.

"गावाचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"गावाचं काही म्हणणं नाही," गायता म्हणाला. "जैनीला विचार."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. छपराच्या बाहेर, उन्हात, एक बाई एकटीच बसली होती. ती जैनी पुंगाटी. तिच्या नवऱ्याला, डोलूला, दलमनं मारलं होतं.

डोलू गावचा पोलीस पाटील होता. दलमनं एका वर्षी घरटी एक लेकरू मागितलं, तेव्हा तो एकटा उभा राहून म्हणाला होता, "धान्य मागा, कोंबडी-बकरी मागा, लेकरं मागू नका." लेकरं तरीही नेली गेली, त्यात सुनकी होती. मग दोन पावसाळे गेले आणि एका संध्याकाळी डोलूला कोणीतरी हाक मारून घरातून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावर सापडला. छातीवर कापड होतं, त्यावर लाल रंगात एकच शब्द. खबऱ्या. तेव्हापासून जैनीकडे कोणी विस्तवसुद्धा मागायला गेलं नव्हतं. खबऱ्याच्या घराशी सलगी दिसली तर पुढची पाळी आपली, ही भीती. सुनकी त्याच दलममध्ये होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडचं कोणी बोलत नव्हतं.

मी जैनीजवळ जाऊन बसलो. बोलणं सगळं माडियात झालं, मी ते इथं मराठीत सांगतो आहे. त्या बोलीत मला सगळे 'तू'च म्हणत.

"बाई, तू नाही म्हणालीस तर मी तिला परत नेतो," मी म्हटलं.

"हो-नाही मग सांगेन," ती म्हणाली. "आधी तिला माझ्या अंगणात आण. पोलीस नको. गाव नको. तू ये. तू ऐकलेलं बरं."

"मी कशाला?"

"तू दिल्लीत बोलतोस ना?"

पोलीस अधिकारी देशमाने भला माणूस होता, पण हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. "साहेब, तिला एकटीला सोडता येणार नाही. त्या बाईनं कोयता उचलला तर? काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"माझीपण जाईल."

"तुमची नाही जाणार. तुम्हाला लोक पुन्हा निवडून देतील."

मी त्याला म्हटलं, की मी मध्ये बसतो, आणि पोलिसांनी नाल्यापाशी थांबावं. मग त्यानं गाडीचं दार उघडलं.

जैनीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. साऱ्या अंगणाला तो गोड, जड वास. सुनकी कुडाच्या फाटकातून आत आली आणि तिथंच थांबली. अंगानं किरकोळ, चेहऱ्यावर वय नसलेली पोरगी. जैनीनं तिला बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली. मी दोघींच्या मध्ये बाजेवर बसलो होतो आणि माझं लक्ष जैनीच्या हातांवर होतं.

"सांग," जैनी म्हणाली.

सुनकीनं ओठ ओले केले. "आम्ही सातजण होतो. मोठ्यांनी मला पुढं केलं. म्हणाले, तू हाक मार. तो आमच्या आवाजाला दार उघडणार नाही, तुझ्या आवाजाला उघडेल."

"मग?"

"मी हाक मारली. काका, मी सुनकी, असं म्हटलं."

"तो काय म्हणाला?"

मला वाटलं आता हे थांबवावं. मी तोंड उघडलं, तशी जैनीनं माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तो काय म्हणाला, सांग."

"म्हणाला, आलीस का पोरी. म्हणाला, थांब, दार काढतो, पळून आलीस ना. मला वाटतं त्याला आनंद झाला होता." सुनकीचा आवाज अगदी सपाट होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. "त्यानं दार उघडलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याला मागचे दिसले."

अंगणात एक कोंबडी फुलं चिवडत होती. तिला कोणी हाकललं नाही.

"तो खबऱ्या होता का?" जैनीनं विचारलं.

"नाही. मोठ्यांनाही माहीत होतं, नव्हता म्हणून. त्यानं लेकरं देऊ नका म्हटलं होतं. त्याचं ऐकून दुसऱ्या गावांनीही नाही म्हणायला सुरुवात केली होती. म्हणून."

जैनीनं हळूच श्वास सोडला. मग जे बोलली ते मला त्या क्षणी नीट कळलंच नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी आतच होते. चुलीपाशी. तुझी हाक मी ऐकली."

सुनकीनं पहिल्यांदा वर पाहिलं.

मी विचारलं, "तू पोलिसांना हे कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी हिच्या आईला नेलं असतं. आणि हिचं नाव लागलं असतं, मग हिला परत यायला वाट उरली नसती." जैनी उठली, सुपातली फुलं तिनं उगाच सारखी केली. "तो मेला ते ही घरी आली असं समजून. मग हिला घरी येऊ द्यायचं नाही, हे कसं चाललं असतं?"

सुनकी तिथंच खाली बसली. रडली नाही. गुडघ्यात डोकं घालून बसून राहिली, एखादं जनावर पावसात बसतं तशी. जैनी तिच्याजवळ गेली नाही. तिला जवळ घेतलं, पाणी दिलं, असं काही झालं नाही. पुढं मी अनेकदा ही गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यांना तसं काही हवं असतं, म्हणून हे सांगून टाकतो.

"ये तू," जैनी तिला म्हणाली. "पण माझी एक अट आहे. आता मला सांगितलंस ते गावापुढं सांग. आणि तू," ती माझ्याकडे वळली, "तू तिकडं दिल्लीत सांग. डोलू पुंगाटी खबऱ्या नव्हता म्हणून सांग. इथं सगळे ऐकतात आणि विसरतात. तिथलं सरकार लिहून ठेवतं ना?"

"ठेवतं," मी म्हटलं. "पण बाई, तिथं बोललेलं पेपरात येतं. रेडिओवर येतं. जंगलातही ऐकतात. डोलू निर्दोष होता असं हिनं सांगितलं, हे त्यांना कळलं तर ते हिला सोडणार नाहीत. मी हिचं नाव न घेता बोलतो."

"नावाशिवाय कोण खरं मानेल?" जैनी म्हणाली. मग सुनकीकडे बघून, "पण जीव तिचा आहे. तिला विचार."

मी सुनकीला विचारलं. नीट समजावून विचारलं, एकदा नव्हे दोनदा. ती म्हणाली, "ते तसेही मला शोधतातच. नाव घे."

त्या दुपारी गोटुलाच्या छपराखाली सुनकीनं ते सगळं पुन्हा सांगितलं. गाव जमिनीकडे बघत ऐकत होतं. ती 'आलीस का पोरी' म्हणाली तेव्हा बायांतून कोणीतरी हुंदका दिला, पण तो लगेच दाबला गेला. सांगून झाल्यावर गायत्यानं तिच्यावर पाणी शिंपडलं, तिला गावाचं जेवण घालायला सांगितलं, आणि ती गावची झाली. जैनी तोवर उठून घरी गेली होती.

पुढच्या अधिवेशनात शून्य प्रहरात मला बोलायला मिळालं. जेवणाची वेळ झाली होती, बरीच बाकं रिकामी होती. मी डोलू पुंगाटीचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, सुनकी वड्डेचं नाव घेतलं. त्याच्यावर टाकलेला डाग खोटा होता, हे या सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जावं, असं म्हटलं. घंटा वाजली. मी शेवटचं वाक्य घंटेवरून ओरडून पुरं केलं. बाहेर ते जुने सदस्य भेटले. "म्हणजे गाव सापडलं," ते म्हणाले. मी हसलो. तेव्हा मला खरोखर बरं वाटत होतं.

छापील कामकाजाची ती पानं मी स्वतः जैनीला नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला नवऱ्याच्या नावावर बोट ठेवायला लावलं, त्या अक्षरांकडे थोडा वेळ पाहिलं आणि पानं घडी करून आढ्याला खोचली. त्या दिवशी तिच्या अंगणात दोन बाया फुलं पाखडायला बसलेल्या होत्या. सुनकी आईच्या घराला कूड घालत होती. तिनं मला लांबूनच हात केला.

हिवाळ्यात, आठवडी बाजारातून परतताना, भर दुपारी दलमनं सुनकीला मारलं. रस्त्यावर आणखी माणसं होती. त्यांना बाजूला बसवून ठेवलं आणि तिला पुढं नेलं. बाजूला बसवलेल्यांत जैनी होती. त्या दोघी मीठ आणायला बरोबर गेल्या होत्या.

पक्षातल्यांनी मला फोनवर सांगितलं, जाऊ नका, आत्ता तो भाग चांगला नाही, शिवाय लोक म्हणतील तुमच्या भाषणानं गेली. मी गेलो. गाडीत बसल्यापासून मला तेच ऐकू येत होतं, कोणी म्हणत नसतानाही.

गुर्रेमेट्यात सगळी दारं बंद होती. सुनकीच्या घरापुढं तिची आई बसली होती आणि शेजारी जैनी. प्रेत पांढऱ्या कापडात बांधून तिरडीवर ठेवलेलं होतं. देशमाने फाटकापाशी उभा होता.

"साहेब, सकाळपासून कोणी खांदा द्यायला येईना," तो हळू आवाजात म्हणाला. "हात लावेल त्याची पुढची पाळी, असं सांगून गेलेत. मी म्हटलं, माझी पोरं उचलतील. तर ही बाई म्हणते, वर्दी नको."

मी पायातलं काढलं आणि तिरडीपाशी गेलो. जैनी उठली, सुनकीची आई उठली. तीन झालो. चौथा माणूस मिळेना. आम्ही तसेच उभे राहिलो. ऊन चढलं. समोरच्या घराच्या फटीतून कोणीतरी बघत होतं, ते कळत होतं. जैनी कोणालाही हाक मारत नव्हती.

शेवटी कोमटी गायता आला. काठी टेकत, एकटा. त्यानं काठी कुडाला टेकवून ठेवली आणि वाकून चौथा दांडा धरला. जैनीनं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला विचित्र वाटलं, बराच वेळ चाललेलं.

"उजव्या खांद्यावर घे," ती त्याला एवढंच म्हणाली. "डावा तुझा दुखतो."

आम्ही चौघांनी तिला नेलं. बाकीची दारं बंदच राहिली.

परतताना नाल्यावर हातपाय धुताना मी जैनीला जे विचारायचं होतं ते विचारलं. "मी दिल्लीत नाव घेतलं नसतं, तर ती आज जिवंत असती का?"

ती पाण्यात उभी होती. "असती कदाचित," ती म्हणाली. "तुला नाही म्हणू का? खोटं बोलू?" तिनं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. "तिला तू विचारलं होतंस. मीही ऐकलं होतं. ते ओझं आता आपल्या दोघांचं आहे, तुझ्या एकट्याचं नाही."

मग गायता पुढं निघून गेल्याची खात्री करून ती म्हणाली, "मारणाऱ्यांत त्याचा नातू होता. लालसू. मी तोंड पाहिलं. घरटी एक नेलं, तेव्हाच तोही गेला होता."

"गायत्याला माहीत आहे?"

"खांदा द्यायला आला ना."

संध्याकाळी देशमान्यानं तिचा जबाब घेतला. कोणाला ओळखलंस का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, तोंडं बांधलेली होती. देशमान्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कायदे करणारा माणूस. मला ठाऊक होतं, की मी तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. ते बरोबर होतं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या निवडणुकीत मला तिकीट मिळालं नाही. वर्षं गेली. गायता वारला. मग एका उन्हाळ्यात देशमान्याचा फोन आला. त्याची बदली होऊन तो पुन्हा त्याच भागात, वरच्या हुद्द्यावर आला होता. "लालसू गोटा शरण आलाय," तो म्हणाला. "त्यानं सुनकी वड्डेबद्दल सगळं सांगितलंय. खटला चालेल. पण जामीन झालाय आणि तो म्हणतो, गावात जायचंय. गाव म्हणतं, सभा घेऊ. आताचे खासदार यायला तयार नाहीत. तुम्ही याल?"

मी गेलो. या वेळी मला खुर्ची नव्हती, मी मागं पुरुषांत बसलो. गोटुलाचं छप्पर नवं शाकारलेलं होतं. लालसू नाल्यापलीकडे गाडीत होता. नवा गायता, चाळिशीचा माणूस, बोलायला उठला. इकडचं तिकडचं थोडं बोलला. मग म्हणाला, "गावाचं काही म्हणणं नाही. जैनीला विचारा. सुनकीच्या आईला विचारा."

जैनी आता छपराखाली, बायांत बसत होती. केस पिकले होते. ती उठली, आणि मला वाटलं, ती पुन्हा म्हणेल, आधी त्याला माझ्या अंगणात आणा.

"दर वेळी मलाच का विचारता?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मेलेला माझा होता म्हणून? मी एकदा हो म्हटलं. ती पोर आली, राहिली, आणि तिला मारलं तेव्हा तुम्ही दारं लावून घेतलीत. आता मी पुन्हा हो म्हटलं, तर तुम्ही म्हणणार जैनी मोठ्या मनाची. नाही म्हटलं, तर म्हणणार जैनीनं पोराला घरापासून तोडलं. तुम्ही कधीच काही म्हणणार नाही." ती सुनकीच्या आईकडे वळली. "आणि हिलाही विचारू नका. हिनं पुरेसं दिलंय. आज मी गप्प बसणार. हीही बसेल. तुम्ही बोला. लेकरं नेली तेव्हा कोण काय करत होतं, डोलूला खबऱ्या म्हटलं तेव्हा कोणी मान हलवली, सगळं बोला. मग काय ते ठरवा."

ती खाली बसली.

मला सवय होती अशा शांततेची. सभागृहातही ती होते, मग कोणीतरी उठून विषय बदलतो. इथं विषय बदलायला कोणाजवळ काही नव्हतं. मला एकदा वाटलं आपण बोलावं. चार शब्द माझ्याजवळ तयार होते, माझ्यासारख्याजवळ ते नेहमीच असतात. मी ते गिळले.

मग पलीकडच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, की घरटी एक मागितलं तेव्हा त्यानं थोरल्याला लपवलं आणि धाकटीला पुढं केलं. त्याच्या बायकोनं बायांतून त्याला शिवी दिली. कोणीतरी म्हणालं, हे आता कशाला. कोणीतरी म्हणालं, आता नाही तर कधी. एक तरुण ओरडला, की लालसू आला तर मी त्याला मारीन, आणि त्याचा बाप त्याला खाली ओढत राहिला. एक बाई उठली आणि डोलूच्या दारावरून तोंड फिरवून जायची तिची वर्षं सांगायला लागली, आणि सांगता सांगता मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली. दोन घरांत जुनं भांडण उकरलं गेलं, ते हातघाईवर आलं. कोणी कोणाची माफी मागितली नाही. मी आयुष्यात इतकं कडू बोलणं एका जागी ऐकलेलं नाही.

दिवस कलला तेव्हा देशमाने आत आला आणि माझ्याजवळ वाकला. "साहेब, आज काही ठरणार नाही. अंधाराच्या आत मला त्याला मुख्यालयात न्यावं लागेल."

"न्या," मी म्हटलं.

नाल्यापलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो सागाच्या रानात लांब लांब गेला. काही माना तिकडं वळल्या. लालसू त्या दिवशी गावात आला नाही. पण सभा उठली नव्हती.